सुरत-बुऱ्हाणपूर वाट, नंदुरबार आणि वनस्पतींपासूनचं डांबर

मोगल काळात सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारा मोठा व्यापारी मार्ग नंदुरबारवरून जात होता. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने नंदुरबारची नोंद माळवा सुभ्यातलं एक सरकार म्हणून केली आहे. या वाटेवरून नीळ, कापड आणि इतर माल बैलांच्या तांड्यांनी बंदराकडे जायचा. १६३० साली पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी याच वाटेने आग्र्याला निघाला, तेव्हा दुष्काळ पडला होता. रस्त्याच्या कडेला पडलेल्या प्रेतांची वर्णनं त्याने लिहून ठेवली आहेत. वाट श्रीमंत होती, पण वाटेवरची माणसं उपाशी मरत होती. रस्त्यांचा इतिहास वाचताना मला ही नोंद विसरता येत नाही.

आता रस्त्यांच्या इतिहासात नवं पान जोडलं जातंय. २१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूर-मनसर राष्ट्रीय महामार्गावर जैव-डांबर वापरलेल्या सुमारे एक किलोमीटरच्या पट्ट्याचं उद्घाटन झालं. त्यासाठी पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आणि दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था एकत्र आल्या. झाडाच्या पेशींना ताठपणा देणारा लिग्निन नावाचा घटक असतो. पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल काढल्यावर तो मागे उरतो. नागपूरच्या पट्ट्यात सुमारे १५ टक्के डांबराच्या जागी हे लिग्निन मिसळलं आहे. उरलेलं डांबर खनिज तेलाचंच. म्हणजे हा रस्ता पूर्णपणे वनस्पतींचा नाही. पण देशाला डांबराचा मोठा वाटा बाहेरून आणावा लागतो, तिथे एवढी बचतही कमी नाही.

हे वाचताना माझं लक्ष पुन्हा नंदुरबारकडे जातं. या जिल्ह्यात कापूस होतो, शहादा-तळोद्याकडे ऊस होतो. पऱ्हाटी आणि पाचट बऱ्याचदा शेतातच जाळलं जातं. लिग्निन या दोन्हींत आहे. उद्या त्याला भाव आला, तर तो शेतकऱ्याच्या हातात पडेल की मधल्यामध्ये जिरेल?

दुसरा प्रश्न त्याहून जड आहे. सातपुड्यात, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांवरून आजारी माणसाला, अडलेल्या बाईला आजही बांबूच्या झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणावं लागतं. रस्त्यासाठी वनस्पतींचा वापर इथे असा होतो.

वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणं हा ईमानाचाच एक भाग आहे, असं पैगंबरांनी (स.) शिकवलंय. काटा, दगड उचलण्याइतकाच त्याचा अर्थ मर्यादित ठेवायचा का? ज्या पाड्याला वाटच नाही, तिथे वाटेचा अभाव हीच इजा आहे. जैव-डांबराचं मी स्वागतच करतो. मात्र त्याचं मोल महामार्गावरच्या किलोमीटरांत मोजू नये. ज्यांच्या शेतातली पऱ्हाटी जाईल, त्यांच्या पाड्यापर्यंत तो रस्ता पोहोचतो का, हे पाहावं. मंडीच्या काळातल्या वाटेने हे पाहिलं नव्हतं.