अनुभवाची वर्षे आणि बांधकामाचा परवाना : लंडन व कॅलिफोर्निया

बांधकाम कंत्राटदारास परवाना देताना त्याने या कामात घालविलेली वर्षे मोजण्याची प्रथा वरवर पाहता केवळ प्रशासकीय वाटते. परंतु कोणाचे श्रम ‘अनुभव’ म्हणून मान्य करावयाचे आणि तशी साक्ष कोणी द्यावयाची, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न सत्तेचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा दोन उदाहरणांच्या आधारे विचार करावयाचा आहे.

इंग्लंडमध्ये १५६३ च्या कारागीरविषयक कायद्याने ७ वर्षांची उमेदवारी पूर्ण केल्याखेरीज प्रचलित हस्तव्यवसाय करण्यास मनाई केली. (‘उमेदवारी’ हा शब्द आपल्याकडे आता बहुधा निवडणुकीपुरता उरला आहे, काम शिकण्यासाठी उस्तादाच्या हाताखाली काढलेला काळ हा त्याचा जुना अर्थ येथे अभिप्रेत आहे.) लंडन शहरात याशिवाय व्यवसायसंघामार्फत मिळणारा नागरी हक्कही आवश्यक असे. साहजिकच अनुभवाची किल्ली संघांच्या हाती राहिली.

सप्टेंबर १६६६ च्या आगीत लंडनमधील सुमारे १३,२०० घरे भस्मसात झाली. नवी घरे विटा वा दगड यांचीच असावीत, असे १६६७ च्या पुनर्बांधणी कायद्याने ठरविले. तेव्हा शहरातील गवंडी अपुरे पडणार हे उघड होते. म्हणून याच कायद्याने बाहेरगावच्या सुतार, गवंडी, पाथरवट आदी कारागिरांना ७ वर्षे आणि त्यानंतरही पुनर्बांधणी पूर्ण होईपर्यंत शहरातील हक्कदारांप्रमाणे काम करण्याची मुभा दिली. जो ७ वर्षे तेथे काम करील, त्यास हा हक्क आजन्म मिळावयाचा होता. येथे ७ हा आकडा तसाच राहिला, पण ती वर्षे आता उस्तादाच्या घरी नव्हे तर प्रत्यक्ष बांधकामावर मोजली जाणार होती. माझ्या मते संघांच्या मक्तेदारीस बसलेला हा धक्का आगीइतकाच महत्त्वाचा मानावा लागेल. १५६३ च्या कायद्यातील उमेदवारीची कलमे मात्र १८१४ पर्यंत टिकली.

कॅलिफोर्नियात कंत्राटदारांच्या परवान्यांसाठी १९२९ मध्ये स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. परीक्षा १९३८ मध्ये सक्तीची झाली, तर अनुभवाचे निकष ठरविण्याचा अधिकार मंडळास १९४७ पर्यंत मिळालेला दिसतो. म्हणजे लेखी कसोटी आधी आली आणि वर्षांची मोजदाद मागाहून. हा क्रम लंडनच्या अगदी उलट आहे. आज तेथे अर्जापूर्वीच्या १० वर्षांपैकी किमान ४ वर्षे कुशल कारागीर, मुकादम, पर्यवेक्षक किंवा कंत्राटदार म्हणून काम केलेले असावे लागते. हाताखालच्या मदतनिसाचे दिवस धरले जात नाहीत. तांत्रिक शिक्षणाबद्दल जास्तीत जास्त ३ वर्षांची सूट मिळू शकते.

साक्षीदाराच्या बाबतीत हा नियम बराच उदार आहे. मालकाबरोबरच सहकारी कामगार, कामगार संघटनेचा प्रतिनिधी, बांधकाम निरीक्षक, वास्तुविशारद किंवा अभियंता यांनाही प्रमाणपत्रावर सही करता येते. अट एवढीच की त्यांनी ते काम स्वतः पाहिलेले असावे. तथापि मंडळ वेतनाचे वा कराचे कागदही मागू शकते. रोख मजुरीवर राबलेल्या मिस्त्रीची वर्षे नेमकी येथेच अडतात.