शाळेच्या दाखल्याविना

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं, तेव्हा ती विद्या शिकवणारी शाळा इथे नव्हती. ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला होते. तिथे पाहून पाहून जे टिपलं, त्या बळावर त्यांनी स्वतःचा छापखाना उभा केला, शाई घरीच तयार केली आणि पुढे खिळेही, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, पाडले. काही वर्षांनी त्याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी नावाचा पोरगा खिळे घासायला लागला. त्याचंही शिक्षण जेमतेमच. १८६४ मध्ये त्याने खिळे ओतायचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या सुबक अक्षरांत निर्णयसागरने जे संस्कृत ग्रंथ छापले, त्यांच्या शुद्ध पाठांवर देशातल्या आणि युरोपातल्या पंडितांनी विसंबून काम केलं.

मराठी पुस्तकाचा पाया असा हाताने शिकलेल्या माणसांनी घातला. ‘लिहायची हौस आहे, पण शिक्षण कमी, आपलं कोण छापणार?’ असं म्हणून आजही कितीतरी जण वही मिटून ठेवतात. त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

छापखाना येण्याआधी तर हा प्रश्नच वेगळा होता. रचणारा एक आणि उतरवून घेणारा दुसरा, ही रीत महाराष्ट्रात जुनी आहे. ज्ञानेश्वरी लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. तुकारामांचे अभंग संताजी जगनाडे या तेली समाजातल्या टाळकऱ्याने आपल्या वहीत उतरवले. देहूचे वाणी असलेल्या तुकारामांकडे कसली पदवी असणार? पण १८६९ आणि १८७३ मध्ये त्यांची गाथा दोन भागांत निघाली, तेव्हा मुंबई सरकारने त्यासाठी २४ हजार रुपये मंजूर केले होते. संपादनाला शंकर पांडुरंग पंडितांसारखे विद्वान बसले होते. गावोगावच्या गोंधळ्यांनी आणि शाहिरांनी तोंडपाठ राखलेले पोवाडे इंग्रज अधिकारी ऑक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जमवले आणि १८९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

अर्थात मेलेल्या कवीचा मान राखणं सोपं असतं. हयात माणसाच्या हस्तलिखिताला दार उघडणं अवघड, आणि तिथे एकोणिसाव्या शतकाचा अनुभव कडू आहे. सरकारी पैशाने मराठी ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवलं. कमिटीने ते नाकारलं. फुले तर स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. तेव्हा अडचण शिक्षणाची नव्हती. कमिटीवर कोण बसलं आहे आणि नाटकात कोणाचं दुःख मांडलं आहे, यावर निकाल ठरत होता. त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने मात्र मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आजही वाचणाऱ्याला हलवतो. मुक्ता फुल्यांच्या शाळेची विद्यार्थिनी होती. ती शाळा नसती, तर तो निबंध कागदावर आला नसता. शिक्षणावाचून कोणाचं अडत नाही, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी मुक्ताला विसरून चालणार नाही.

शाळेत न जाता थोर ग्रंथ कसा लिहिला जातो, हे लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहून कळतं. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला त्यांचा जन्म झाला आणि अकराव्या वर्षी लग्न. लिहायला-वाचायला शिकल्या त्या सासरी, नवऱ्यामुळे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १९१९ मध्ये वारले. पुढे मुलगा देवदत्त यांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितलं. आई लिहीत गेली आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग निघू लागले. बोलावं तसं लिहिलेलं, कुठेही पुस्तकी न झालेलं हे गद्य मराठी आत्मचरित्रांत आजही पहिल्या ओळीत बसतं. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं, तेही त्यांनीच पुरं केलं.

बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्म, तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरी मुलं आणि शेतातली कामं. जात्यावर, मळ्यात, कामाच्या धबडग्यात त्या आपल्या बोलीत गाणी रचत. ती कानावर पडली की मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी वहीत टिपून ठेवत. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. तरी आईची गाणी तिच्या हयातीत पुस्तकात आली नाहीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. मग ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली. हातात काय आलं आहे ते अत्र्यांनी लगेच ओळखलं, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. पुढे २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव देण्यात आलं.

या गोष्टीत नेहमी बहिणाबाईंच्या प्रतिभेचं आणि अत्र्यांच्या पारखीचं कौतुक होतं. ते रास्तच आहे. पण घरच्या बाईचं गाणं लिहून ठेवण्याच्या लायकीचं आहे, असं ज्यांना वाटलं त्या सोपानदेव आणि पीतांबर यांचं ऋण त्याहून मोठं आहे. शेतात रचलेलं आणि कोणी न टिपलेलं जे होतं, ते सगळं बहिणाबाईंबरोबर गेलं.

अण्णाभाऊ साठ्यांचं शिक्षण दीड दिवसाचं, असं सांगतात. १९२० साली वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेला हा मुलगा घरच्यांबरोबर चालत मुंबईला आला आणि मिळेल ते काम करत राहिला. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत तो अक्षरं शिकला. खरं शिक्षण झालं ते माटुंग्याच्या लेबर कॅम्पात, गिरणीत आणि कम्युनिस्ट पक्षाच्या सभांत. तिथे वर्तमानपत्राचं सामुदायिक वाचन होई, जगातल्या घडामोडींवर वाद झडत, आणि गाण्याला दाद किंवा नापसंती समोरच्या कामगारांकडून तिथल्या तिथे मिळे. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. कथा-कादंबऱ्या आल्या त्या या तालमीनंतर. १९५९ च्या ‘फकिरा’ला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे, आणि १९६१ मध्ये त्याच कादंबरीला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लेखकाचा शेवट मात्र गरिबीत झाला. पुस्तक छापलं जाणं आणि त्यावर पोट भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नव्या लेखकाला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

कवी नारायण सुर्वेही मुंबईच्या गिरणगावातले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडलेलं हे मूल गिरण्यांच्या भोंग्यांत वाढलं. त्यांनी शाळेत शिपायाचं काम केलं, मोठेपणी परीक्षा दिली आणि ते महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’, १९६६ मध्ये ‘माझे विद्यापीठ’, आणि १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. कवी टॅक्सी चालवून जगलेला आणि प्रस्तावनाकार विजय तेंडुलकर शाळा अर्धवट सोडलेले. मुंबईतल्या ज्या वेश्यावस्तीचं नाव या संग्रहाला आहे, त्या वस्तीतल्या कितीतरी शब्दांचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही, हे तेंडुलकरांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मांडलं. शिकलेल्या वाचकाचं काय शिकायचं राहिलं आहे, ते इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कोणी लिहिलं असेल.

फलटणच्या बेबी कांबळे चौथीपर्यंत शिकल्या. छोटं दुकान चालवताना पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत. आपल्या समाजाची आणि बायांची कहाणी त्यांनी घरच्यांपासून लपवून लिहिली आणि वीसएक वर्षं दडवून ठेवली. फलटणला राहणाऱ्या, मूळच्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी ते लेखन बाहेर काढायला लावलं. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघालं. दलित स्त्रीच्या आत्मकथनांत हे अगदी सुरुवातीचं. ते वीस वर्षं का थांबलं, याचं उत्तर चौथीच्या शिक्षणात सापडणार नाही. ते घरातल्या धाकात सापडेल.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दलित साहित्याला जो जोर आला, त्यामागे बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला उभारलेलं कॉलेज, पुढचं मिलिंद महाविद्यालय, ठामपणे उभं आहे. तिथे एका पिढीला ग्रंथालय मिळालं, सोबती मिळाले, वाद घालायला जागा मिळाली. अण्णाभाऊंना तेच कामगार वस्तीत मिळालं होतं आणि बेबीताईंना ते रद्दीतून वेचावं लागलं. वाचन आणि ऐकणारी माणसं यांच्यावाचून यातला कोणीच लेखक झाला नाही. पदवीवाचून मात्र बरेच झाले. संपादकाने हस्तलिखित हातात घेतल्यावर पाहायचं असतं ते पान. लिहिणाऱ्याची इयत्ता पाहायचं त्याला काही कारण नाही.

आणि ज्यांना लिहिताच येत नाही, त्यांचं टिपून घेणारं कोणी हवं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडीच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या लाखाहून जास्त भरल्या, आणि गाणारीचं नाव आणि गाव त्यांनी नोंदवून ठेवलं. आपल्या घरी, शेजारी अशी कोणी आजी, मावशी असेल, तर तिच्यापाशी वही घेऊन बसा. ती सांगेल तसं, तिच्याच बोलीत लिहून घ्या, आणि वर तिचं नाव घाला.