वर्ध्याचा निवाडा आणि भाष्यकारांचा पक्षपात

राजकीय घटनांवर भाष्य करणारा मनुष्य निःपक्षपाती असावा, अशी अपेक्षा आपण सर्वच बाळगतो. आणि तो तसा नसतो, अशी तक्रारही सर्वच करतो. रात्री दूरचित्रवाणीवर ज्या चर्चा झडतात त्या ऐकून उठणाऱ्या चार गृहस्थांना विचारावे, तर त्यांतील प्रत्येकाला भाष्यकार आपल्या विरुद्ध पक्षास विकला गेल्याचा संशय आलेला असतो. हा रोग ह्या नव्या यंत्रानेच आणला, असाही एक समज आहे. परंतु दूरचित्रवाणी आपल्या देशात प्रथम दिल्लीस आली ती १९५९ साली. तिच्या आगमनापूर्वी एकवीस वर्षे वर्ध्यास एक राजकीय निवाडा झाला, आणि त्यावर जे भाष्य झाले ते पाहिले असता हा रोग यंत्राहून फार जुना असल्याचे ध्यानी येते. इतकेच नव्हे, तर त्याचे खरे लक्षण कोणते, हेही त्या प्रकरणात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. ते प्रकरण म्हणजे डॉ. नारायण भास्कर खरे ह्यांच्या मंत्रिमंडळाचे.

प्रथम हकीकत पाहू. १९३७ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेतील ११२ जागांपैकी ७० जागा काँग्रेसने जिंकल्या, आणि त्या वर्षीच्या जुलैत नागपूरचे डॉ. खरे मुख्य प्रधान झाले. हा प्रांत दुभाषी होता. नागपूर व वऱ्हाड हे मराठी भाग, तर जबलपूर-रायपूरकडचा महाकोशल हा हिंदी भाग. काँग्रेसच्या प्रांतिक समित्याही तीन, नागपूर, विदर्भ आणि महाकोशल. मंत्रिमंडळात पंडित रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलचे तीन मंत्री होते. रामराव देशमुख व पुरुषोत्तम गोळे हे वऱ्हाडचे. ह्या दोन गटांत प्रारंभापासूनच सख्य नव्हते. १९३८ च्या मे महिन्यात पचमढीस काँग्रेसच्या पार्लमेंटरी मंडळासमक्ष समेट घडविण्यात आला. तो दोन महिनेही टिकला नाही.

२० जुलै १९३८ रोजी डॉ. खरे ह्यांनी गोळे व देशमुख ह्यांच्यासह राजीनामा दिला. महाकोशलच्या तिघांनी मात्र वरिष्ठ मंडळाच्या आज्ञेवाचून राजीनामा देणार नाही असे सांगितले. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली ह्यांनी २१ तारखेस उजाडण्यापूर्वीच त्या तिघांना बडतर्फ केले, आणि त्याच दिवशी खऱ्यांचे दुसरे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. काँग्रेसश्रेष्ठी त्या वेळी वर्ध्यास जमत होते. खऱ्यांना तेथे पाचारण झाले आणि २३ तारखेस त्यांनी हेही मंत्रिपद सोडले. पुढे सेवाग्रामी, ज्याला तेव्हा शेगाव म्हणत, गांधीजींच्या समक्ष एका निवेदनाचा मसुदा झाला. त्यावर सही करण्याचे खऱ्यांनी नाकारले. २६ तारखेस काँग्रेस कार्यकारिणीने ठराव करून त्यांना जबाबदारीच्या पदास अपात्र ठरविले आणि गव्हर्नरच्या घाईचाही निषेध केला. दुसऱ्याच दिवशी वर्ध्यासच शुक्लांची नेतेपदी निवड झाली. एका आठवड्यात तीन मंत्रिमंडळांचा प्रश्न सुटला, आणि भाष्यकारांचा हंगाम सुरू झाला.

नागपुरास त्या काळी नभोवाणी केंद्र नव्हते. ते १९४८ च्या जुलैत सुरू झाले. सारा भार वृत्तपत्रे, पत्रके आणि सभा ह्यांवर होता. ह्या कलहातील नायक स्वतःच लेखणीचे धनी होते, हे विशेष. डॉ. खरे ह्यांनी पूर्वी नागपुरास 'तरुण भारत' पत्र काढले होते; मिश्रजी जबलपूरच्या 'लोकमत' ह्या हिंदी दैनिकाचे संपादक राहिलेले; गांधीजींचे 'हरिजन' तर देशभर वाचले जाई. वर्ध्यालाही पत्रांची परंपरा होती. 'राजस्थान केसरी' १९२० साली येथूनच निघाले, विनोबांचे 'महाराष्ट्र धर्म' १९२३ साली येथेच जन्मले, आणि 'सर्वोदय' हे हिंदी मासिक ह्या निवाड्यानंतर लगेचच, १९३८ च्या ऑगस्टात, येथून निघू लागले. अशा स्थितीत कोणी कोणाला तटस्थ म्हणावे?

आता ह्या भाष्यांचे स्वरूप पाहा. असत्य विधाने करणारे लोक सर्वत्र असतात. त्यांचा पक्षपात ओळखणे कठीण नाही. परंतु ह्या वादात दोन्ही बाजूंची पुष्कळशी विधाने खरीच होती! भेद होता तो कथेच्या आरंभात. काँग्रेसश्रेष्ठींची बाजू मांडणारा भाष्यकार आपली कथा २० जुलैच्या रात्रीपासून सांगू लागे. तेथून आरंभ केला, म्हणजे डॉ. खरे ह्यांनी कार्यकारिणीस न विचारता, ज्या परकीय सत्तेशी झगडावयाचे तिच्याच गव्हर्नरच्या हातून आपल्या सहकाऱ्यांस घालविले, एवढेच दिसते. आणि शिस्तभंगाचा निर्णय आपोआप हाती येतो. गांधीजींनी ६ ऑगस्टच्या 'हरिजन'मध्ये कार्यकारिणीच्या कर्तव्यांविषयी लिहिताना हीच भूमिका घेतली: अंतर्गत व्यवहारात काँग्रेस लोकशाहीची संस्था असली तरी सरकारशी झुंजताना ती सेना आहे, आणि सेनेत आज्ञा एकच असावी लागते.

खऱ्यांचा कैवारी मात्र कथा २० जुलैपासून सांगत नसे. तो १९३७ पासून, निदान पचमढीपासून तरी, आरंभ करी. मुख्य प्रधानाला आपले सहकारी निवडण्याचा हक्क असतो. ज्यांनी वर्षभर त्याच्या पायाखालची जमीन पोखरली, त्यांना काढण्याची सोय त्याला घटनेनेच दिली होती. मग त्याने कोणता अपराध केला? डॉ. खरे ह्यांनी स्वतः त्याच वर्षी आपल्या बचावाची पुस्तिका प्रसिद्ध केली, तिचा ओघही हाच. नागपूर-वऱ्हाडच्या मराठी वाचकाला ह्या कथेत आणखी एक अर्थ दिसे, तो म्हणजे हिंदी बहुमतापुढे मराठी माणसाची झालेली मानखंडना.

तिसरा आरंभ विलायतेचा. तेथील भाष्यकार कथा १९३५ च्या कायद्यापासून सांगत. मंत्रिमंडळ विधिमंडळास जबाबदार असावे, असे कायदा म्हणतो. येथे तर ते वर्ध्यास बसलेल्या पक्षश्रेष्ठींस जबाबदार ठरले. तेव्हा काँग्रेसची लोकशाही ही एकतंत्री आहे! ऑक्सफर्डचे प्राध्यापक कूपलंड ह्यांनी १९४३ साली आपल्या ग्रंथात ह्या प्रकरणाचा उपयोग असाच केला. ज्या कायद्याने गव्हर्नरच्या हाती विशेष अधिकार ठेवले होते, त्याच कायद्याच्या नावे ही लोकशाहीची चिंता व्हावी, ही गोष्ट मात्र त्या कथेत मागे पडली.

चौथा एक आरंभ पुढे निर्माण झाला, तो म्हणजे कथा शेवटापासून सांगण्याचा. डॉ. खरे १९४३ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि १९४९ साली हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. हे कळल्यावर कित्येकांनी १९३८ चा न्यायही ह्या उत्तरायुष्यावरूनच करून टाकला. मनुष्य मागाहून काय झाला, हे त्याच्या पूर्वीच्या कृत्याचे प्रमाण कसे होईल?

तात्पर्य, पक्षपाती भाष्यकार बहुधा खोटे बोलत नाही. तो कथेचा पहिला दिवस आपल्या सोयीने निवडतो. पुढचा निष्कर्ष त्या दिवसाच्या पोटातच असतो.

पहिला दिवस निवडला, की काय गाळावयाचे तेही ठरते. खऱ्यांच्या कथेत शरीफ प्रकरण येईना. मंत्री युसुफ शरीफ ह्यांनी एका घोर गुन्ह्यातील कैद्यास मुदतीपूर्वी सोडले, त्यावरून चौकशी होऊन १९३८ च्या पूर्वार्धात त्यांना पद सोडावे लागले, आणि त्या प्रकरणात मुख्य प्रधानांची भूमिका डळमळीत ठरली होती. उलट श्रेष्ठींच्या कथेत प्रांताच्या भाषिक दुखण्यास जागा नव्हती. पण ते दुखणे काल्पनिक नव्हते. त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरला नागपूरच्या विधानसभेने मराठी भागाचा स्वतंत्र महाविदर्भ प्रांत व्हावा, असा ठराव संमत केला, आणि तो मांडणारे होते खऱ्यांचे सहकारी रामराव देशमुख.

ह्याहूनही मोठी गोष्ट अशी, की एक बाब दोन्ही कथांच्या कडेला राहिली. खऱ्यांच्या अल्पजीवी मंत्रिमंडळात अग्निभोज हे अस्पृश्य समाजातील मंत्री होते. शुक्लांच्या मंत्रिमंडळात त्या समाजास स्थान मिळाले नाही. तेव्हा ऑगस्टात त्या समाजातील काही मंडळी नागपूरहून शेगावी गेली आणि मंत्रिपदाच्या मागणीसाठी गांधीजींच्या आश्रमातच त्यांनी सत्याग्रह मांडला. खरे विरुद्ध शुक्ल, मराठी विरुद्ध हिंदी, प्रांत विरुद्ध श्रेष्ठी, अशा जोड्या लावून लिहिणाऱ्यांस हे लोक कोणत्या बाजूला बसवावे तेच कळेना. जो कोणत्याही पक्षाच्या उपयोगी पडत नाही, त्याचे दुःख पक्षपाती भाष्यात नोंदले जात नाही. आणि नोंदलेच, तर दुसऱ्याला मारण्याचा दगड म्हणून.

भाष्यकाराची आणखी एक कसोटी वर्ध्यानेच पुढल्या वर्षी पुरविली. १९३८ च्या निवाड्याच्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते, आणि त्यांनी कार्यकारिणीच्या कृतीचे जाहीर समर्थन केले होते. १९३९ च्या ऑगस्टात त्याच वर्ध्यास कार्यकारिणीची बैठक भरली, आणि शिस्तभंगाच्याच कारणास्तव सुभाषबाबूंना तीन वर्षेपर्यंत काँग्रेसमधील निवडून द्यावयाच्या पदांस अपात्र ठरविण्यात आले. गाव तेच, मंडळ तेच, कारणही तेच. मनुष्य तेवढा निराळा. दोन्ही वेळी एकच माप ज्याने लावले, मग ते शिस्तीचे असो वा स्वातंत्र्याचे, त्याला मते होती असे म्हणता येईल. ज्याने माणूस पाहून माप बदलले, त्याला केवळ पक्ष होता. मत असणे हा भाष्यकाराचा दोष नव्हे. मत नसलेला भाष्यकार म्हणजे मीठ नसलेली आमटी. माप बदलणे हा दोष होय.

यंत्रे आली तेव्हा हा दोष नियमांनी आवरण्याचा यत्न देशोदेशी झाला. ब्रिटिश नभोवाणीस सार्वजनिक धोरणावर स्वतःचे मत देण्यास आरंभापासून मनाई होती. अमेरिकेत १९४९ साली वादग्रस्त प्रश्नाच्या विरुद्ध बाजूसही वेळ द्यावा असा दंडक घालण्यात आला. तो १९८७ साली रद्द झाला. आपल्याकडे हे माध्यम दीर्घकाळ सरकारच्याच हाती होते, आणि १९७५ च्या आणीबाणीत एकाच आवाजाचा परिणाम काय होतो हे देशाने अनुभविले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय दिला. आवाज अनेक झाले, ही मोठीच मिळकत होय.

परंतु दोन्ही बाजूंस समान आसने आणि समान मिनिटे दिली म्हणजे न्याय झाला, असे मात्र नाही. १९३८ च्या जुलैत अशी चर्चा घडविता आली असती, तर एका आसनावर खऱ्यांचा मनुष्य बसला असता, दुसऱ्यावर शुक्लांचा. वेळही घड्याळ लावून वाटून दिला असता. आणि शेगावच्या कुटीत उपाशी बसलेल्यांसाठी तिसरे आसन कोणीच मांडले नसते. प्रश्न कोठून सुरू करावयाचा आणि आसने किती मांडावयाची, हे जो ठरवितो त्याच्याच हाती पुष्कळसा निकाल असतो. मग तो स्वतः तोंडातून एक अक्षरही न काढो.

म्हणून ऐकणाऱ्यावरही काही जबाबदारी येते. वक्ता कोणत्या पक्षाचा, ह्याची चौकशी करण्यात आपण बरीच शक्ती घालवितो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावे: ह्याने कथा कोणत्या दिवसापासून सुरू केली, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय घडले होते? हेच कृत्य ह्याच्या आवडत्या पुरुषाने केले असते तर ह्याने हेच माप लावले असते काय? आणि ह्या भांडणात ज्याचे नुकसान झाले, पण ज्याचे नाव कोणीच घेतले नाही, असा कोण आहे? हे प्रश्न विरुद्ध पक्षाच्या भाष्यकाराला विचारणे सोपे आहे. ज्याचे बोलणे ऐकताना आपली मान आपोआप डोलू लागते, त्याला ते आधी विचारावे. वर्ध्याच्या निवाड्यावर आपापल्या मनाजोगे भाष्य वाचून समाधान पावलेल्या घरांतून त्या वर्षी नेमके हेच झाले नाही. आणि मराठी व हिंदी शेजाऱ्यांमधील जी अढी एका मंत्रिमंडळाबरोबर संपावयास हवी होती, ती १९५६ साली तो प्रांत विभागला जाईपर्यंत मनामनांत राहिली.