शेतशिवाराची छापील चित्रे

खेड्याचे आणि शेतीचे सुखी, नीटनेटके रूप दाखवणारी, एकाच साच्यावरून अनेक प्रती काढलेली चित्रे. परभणी जिल्ह्यात ती घरोघर पोचली मुख्यतः भिंतीवरच्या कॅलेंडरातून.

या प्रकाराचे ठळक जुने रूप सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये सापडते. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा आणि शाई भरून कागदावर दाबायचा. तिथल्या आड्रियान व्हान ओस्टाडे या चित्रकाराने (1610–1685) आधी दारू पिऊन भांडणारे कुणबी काढले, पुढे तेच दारात वेलाखाली लेकराला खेळवत बसले. निकोलास बेर्खेमचे (1620–1683) गुराखी तर कधी थकलेले दिसत नाहीत. गिऱ्हाईक बहुधा शहरातले. त्याला शेणाचा वास नको होता.

महाराष्ट्रात रंगीत छपाईची गोडी वाढवली 1894 साली मुंबईत निघालेल्या रविवर्मा छापखान्याने. तिथे भर देवादिकांवर. गाय-वासरू आले ते बरेचसे कृष्णाच्या निमित्ताने. स्वातंत्र्यानंतर बैलजोडी काँग्रेसची निवडणूक निशाणी झाली (1952–1969) आणि पत्रकांतून गावोगाव गेली.

बी-बियाण्याच्या दुकानात जानेवारीत मिळणारे कॅलेंडर पाहावे. वर हिरवेगार रान, डोईवर भाकरीचे टोपले घेतलेली हसरी कारभारीण, काठाला डाग नसलेले धोतर. खाली कोऱ्या पट्टीवर दुकानाचे नाव. अशी चित्रे शिवकाशीसारख्या ठिकाणी गठ्ठ्याने छापतात आणि नाव तेवढे बदलतात. चित्र सगळ्या गावांना तेच, म्हणून त्यातले बैल इथले नाहीत, पांढरेशुभ्र. परभणी-नांदेडच्या शिवारातला अस्सल बैल लालकंधारी, गडद तांबूस. तो कॅलेंडरात क्वचितच दिसतो. काळी जमीनही नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती पायाला चिकटून चप्पल ओढून घेते. चित्रातल्या बाईचे पाय मात्र धुतलेले.

शेतीचा जाच दाखवायचे काम इथे शब्दांनी केले. परभणीचे कवी इंद्रजित भालेराव यांचा ‘पीकपाणी’ (1989) हा संग्रह याच रानातला. पण कविता भिंतीला टांगता येत नाही. सोनेरी कणसांचे पान टांगता येते, आणि त्याच पानावर दूधवाल्याचे खाडे, उसनवारी, गाय कधी फळली, हे सगळे पेन्सिलीने टिपलेले असते.