तळटीप : राजासॉरसची जलसफर

‘होडीतली डायनासोर-सफर’ : खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातली (सुरुवात एप्रिल २०१३) ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत ‘जुरासिक पार्क’ची जलसफर १९९६पासून होती, इथे नाव दिले ते गुजरातेत रहिओलीला जीवाश्म सापडलेल्या आपल्या राजासॉरसचे, आणि ते फार योग्य झाले. अशा सफरींचे बेत बांधकामाआधी अनेकदा पालटतात. डिस्नेलँडची ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ आधी पायी पाहायचे मेणपुतळ्यांचे दालन होणार होती. न्यूयॉर्कच्या १९६४-६५च्या जागतिक प्रदर्शनात होड्यांतून प्रचंड गर्दी भराभर पुढे सरकते हे दिसले, आणि १९६७मध्ये ती जलसफर म्हणूनच उघडली. डिस्नेचे आरेखक मार्क डेव्हिस यांची फ्लोरिडातल्या डिस्ने उद्यानासाठी आखलेली ‘वेस्टर्न रिव्हर एक्स्पिडिशन’ मात्र कागदावरच राहिली. त्यांची त्यासाठीची रेखाटने अभ्यासकांनी जरूर पाहावीत.