एकट्याला पुरतो, म्हणजे नक्की काय पुरतं?

परवा रात्री पुतण्याचा फोन आला. आयटीआय झालाय, चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामावर लागतोय. "काका, हातात पंधरा हजार दोनशे येतील म्हणतात. एकट्याला पुरतील ना?"

"पुरतील की रे," म्हणून मी मोकळा झालो. फोन ठेवला आणि झोप काही लागेना. कारण हाच प्रश्न आमच्या देवरुख-संगमेश्वर भागातल्या घराघरांतून शंभर वर्षं विचारला जातोय, आणि उत्तरही दरवेळी असंच घाईत दिलं जातंय.

मंडळी, थोडं मागे जाऊ. मुंबई सरकारने 1921 साली कामगार कार्यालय सुरू केलं. त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांनी मुंबईतल्या कामगारांच्या जमाखर्चाची मोठी पाहणी केली आणि 1923 साली अहवाल छापला. त्यात कुटुंबांचे हिशोब होते, तसेच एकट्या राहणाऱ्या पुरुषांचेही वेगळे होते. अहवालातला एक निष्कर्ष आजही वाचताना घास अडकतो. दुष्काळी कामावरच्या मजुराला जास्तीत जास्त जेवढं धान्य द्यायचा नियम होता, तेवढंच या कामगाराच्या पोटात जात होतं. आणि मुंबईच्या तुरुंगात कैद्याला जो आहार ठरवून दिला होता, त्यापेक्षा ते कमी होतं. गुन्हा काही नाही, रोज राबतोय, आणि ताट कैद्यापेक्षा हलकं!

तरीही तेव्हा लोक म्हणायचेच, एकटा गडी आहे, भागतं त्याचं. कसं भागायचं ते आमच्या घरातच बघा. माझे आजोबा लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. एका खोलीत पंधरा-वीस गाववाले. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी तिथेच अंथरूण टाकायची. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी, बास. जेवण खानावळीत, महिन्याच्या उधारीवर. सुरुवातीला ते बदली कामगार होते. म्हणजे सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत खोलीवर. त्यातूनही गावाला मनीऑर्डर जायची.

पण या हिशोबाची दुसरी बाजू कोणी लिहीतच नव्हतं. आजोबांचं जेवण स्वस्त होतं, कारण खानावळवाली बाई पहाटेपासून चुलीपुढे होती आणि धान्यासाठी सावकाराचं कर्ज काढत होती. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे त्यांचं कष्ट लोकांच्या नजरेत आलं. इकडे गावात आजी शेती करत होती, पोरं वाढवत होती, सासू-सासऱ्यांचं बघत होती. आजोबा आजारी पडले की गावी, म्हातारे झाले की गावी. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे महिनोन्महिने पगार नाही म्हटल्यावर किती जणांनी कोकणातलं, घाटावरचं घर गाठलं, हे माझ्या वयाच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणजे पगार एकट्याला पुरत होता, कारण उरलेला खर्च गाव सोसत होतं. गिरणीमालकाच्या वहीत तो खर्च कधी चढलाच नाही.

कागदावर मात्र आपल्या देशाने हे कधीच ओळखलंय. 1957 साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचं गणित ठरवलं. एका कमावत्यामागे तीन माणसांचा खर्च धरायचा (नवरा एक, बायको 0.8, दोन मुलं 0.6 प्रमाणे). प्रौढ माणसाला 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी 20 टक्के. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टॅकोस ब्रेट खटल्यात सांगितलं की मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य, म्हातारपण यांच्यासाठी आणखी 25 टक्के धरा.

आणि प्रत्यक्षात? केंद्राने 2017 साली राष्ट्रीय किमान पातळी ठरवली रोज 176 रुपये. 26 दिवसांचे झाले 4,576. बऱ्याच राज्यांचे दर त्याहून वर असतात हे खरं, पण तळ कुठे धरला ते बघा. 2019 साली अनुप सत्पथी समितीने रोज 375, म्हणजे महिना 9,750 सुचवले. शहरात घरभाड्यासाठी वर 1,430 पर्यंत.

आता पुतण्याचा हिशोब. दुसऱ्या दिवशी मीच त्याला फोन करून एकेक आकडा विचारला. कॉट बेसिसवर जागा 5,000. दोन वेळचा डबा 3,800. जाण्या-येण्याला 1,200. मोबाइल 300. साबण, चहा, दाढी-कटिंग 1,500. झाले 11,800. उरले 3,400.

"बघा काका, उरतायत!" पोरगा खूश.

मी म्हटलं, आता सर्वोच्च न्यायालयाची यादी घे. ताप आला आणि चार खाडे झाले तर? गणपतीला गावी यायचं भाडं? आईला काही पाठवायचं? कंत्राट संपलं आणि दोन महिने काम नसलं तर? उद्या लग्न केलंस तर कॉटवर दोघं राहणार का?

तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "तेव्हा घरी येईन ना."

झालं. शंभर वर्षांनी तेच उत्तर. फरक एवढाच की आता मागचं घरही रिकामं होत चाललंय. आजीसारखी शेती ओढणारं कोणी उरलेलं नाही. वहिनीची गुडघेदुखी आणि दीड एकर भातशेती, यावर त्या कंपनीचा कामगार टेकलेला आहे.

मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही. इथे बसून काय करणार तो? पण एक सांगितलं, पगाराची स्लिप दर महिन्याला मागून घे, पीएफ जमा होतोय का ते बघ, आणि कुणी विचारलं तर "एकट्याला पुरतंय" असं म्हणू नकोस. "घरचे सांभाळतात म्हणून भागतंय," असं म्हण.

तुमच्या घरातून कोण बाहेर कामाला आहे? पगारातलं किती उरतं, आणि घरून तांदूळ, पीठ, औषधाचे पैसे किती जातात? जमलं तर खाली लिहा. नाव-गाव नको, आकडे पुरेत.