अठरा मिलिमीटरचा हट्ट

खऱ्या ब्रिटिश रुळांमधलं अंतर 4 फूट साडेआठ इंच. फुटाला 4 मिलिमीटर या प्रमाणाच्या मॉडेल रेल्वेत ते 18.83 मिलिमीटर भरतं. पण दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटनमध्ये रुजलेल्या डबल-ओ मॉडेलमध्ये ते 16.5 मिलिमीटरच ठेवलं गेलं, कारण ब्रिटिश इंजिनांच्या चिंचोळ्या अंगात तेव्हाच्या मोटारी मावत नव्हत्या; म्हणून गाड्या तेवढ्या मोठ्या केल्या, रूळ होते तेच राहिले. गाडी डौलदार, रूळ मात्र आखडलेले!

ही विसंगती सहन न होणाऱ्यांनी 1966 मध्ये ‘प्रोटोफोर’ हे अचूक माप मांडलं. या मापाचे सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे भाग, दुकानात मिळत नसत; ते घरीच घडवावे लागत.

पातळ प्लायचे स्लीपर, त्यांत ठोकलेले पितळी रिव्हेट आणि त्यांवर डाख देऊन बसवलेला रूळ, ही पद्धत ज्यो ब्रूक-स्मिथ यांच्या नावाशी जोडली जाते. खरी कसोटी कानशीची: सांध्याचं हलतं पातं टोकाकडे इतकं घासायचं, की ते शेजारच्या रुळाला बेमालूम चिकटावं. रूळ एकमेकांना छेदतात त्या क्रॉसिंगवर चाकाची कड जायला जेमतेम पाऊण मिलिमीटरची फट. तीही थोडी हुकली, की डबा घसरलाच.

पुढे तयार सुटे भाग आले, काम सोपं झालं. तरीही खऱ्या यार्डाचा वळणदार सांधा हुबेहूब उतरवायचा, तर आजही हातानं घडवण्याला तोड नाही.